नामड्रोलिंग मठ : अल्पमुदतीच्या प्रवासातील एका दिवसाचे मोल

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



म्हैसूरला दोन-तीन दिवसांसाठी जाणाऱ्या प्रवाशासमोर एक प्रश्न हमखास उभा राहतो. शहरातील राजवाडा, चामुंडी टेकडी, जवळचे श्रीरंगपट्टण आणि सोमनाथपूर एवढ्यानेच दोन दिवस भरून जातात. अशा वेळी शहरापासून सुमारे ८० किलोमीटर पश्चिमेला, बैलकुप्पे येथे असलेल्या नामड्रोलिंग या तिबेटी बौद्ध मठासाठी आणखी एक दिवस काढावा काय? 'सुवर्णमंदिर' या नावाने हा मठ पर्यटकांत प्रसिद्ध आहे. त्याची छायाचित्रे आकर्षक आहेत. परंतु जाण्यायेण्यातच चार तास जातात आणि तेवढ्या वेळात दुसरे काहीतरी पाहावयाचे राहून जाते.

प्रश्न वरवर पाहता सहलीचा आहे. प्रत्यक्षात त्यात इतिहास, अर्थशास्त्र आणि सार्वजनिक धोरण या तिन्ही विषयांचा संबंध येतो. एखाद्या वास्तूला 'ऐतिहासिक' कशामुळे म्हणावे, मर्यादित वेळेची वाटणी कशी करावी आणि निर्वासितांचे पुनर्वसन म्हणजे नेमके काय, हे तीनही मुद्दे या एका निर्णयात एकत्र येतात. त्यामुळे त्याचा क्रमाने विचार करणे उपयुक्त ठरेल.

निर्णयाची कसोटी

अर्थशास्त्रात 'संधी खर्च' ही संकल्पना आहे. एका पर्यायाची निवड केल्यामुळे जो सर्वोत्तम दुसरा पर्याय सोडावा लागतो, त्याचे मूल्य म्हणजे त्या निवडीचा संधी खर्च होय. नामड्रोलिंगला जाण्याचा खर्च केवळ मोटारीच्या भाड्याचा किंवा बसच्या तिकिटाचा नाही. त्या दिवशी सोमनाथपूर पाहता आले नाही, तर ते न पाहणे हा त्याचा खरा खर्च आहे.

हा खर्च लहान नाही. सोमनाथपूरचे केशव मंदिर इ. स. १२५८ मध्ये प्रतिष्ठापित झाले. होयसळ शिल्पकलेच्या उत्तरकाळातील ते एक श्रेष्ठ उदाहरण मानले जाते. बेलूर व हळेबीडू येथील मंदिरांसह २०२३ मध्ये त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. म्हैसूरचा आजचा राजवाडा १८९७ च्या आगीनंतर उभारण्यात आला व १९१२ मध्ये पूर्ण झाला. श्रीरंगपट्टण हे टिपू सुलतानाच्या राजधानीचे ठिकाण असून १७९९ च्या चौथ्या इंग्रज-म्हैसूर युद्धाचा शेवट तेथेच झाला. या स्थळांच्या तुलनेत जी वास्तू पाहावयाची, तिच्याकडे दुसरीकडे न मिळणारे असे काही असले पाहिजे. हीच खरी कसोटी होय.

वास्तू जुनी नाही

नामड्रोलिंग मठाची स्थापना १९६३ मध्ये झाली. ज्या भव्य मंदिरासाठी पर्यटक तेथे जातात, त्याचे उद्घाटन १९९९ मध्ये दलाई लामा यांच्या हस्ते झाले. प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम, १९५८ या कायद्यानुसार 'प्राचीन स्मारक' ठरण्यासाठी वास्तू किमान शंभर वर्षे अस्तित्वात असावी लागते. या निकषावर नामड्रोलिंग बसत नाही. केवळ वयाचा विचार केला, तर सोमनाथपूर सातशे वर्षांहून अधिक काळाने पुढे आहे.

प्राचीन बौद्ध अवशेष पाहण्याची इच्छा असेल, तर म्हैसूर हे त्यासाठी योग्य ठिकाणही नाही. कर्नाटकात बौद्ध धर्माच्या खुणा प्रामुख्याने उत्तर व मध्य भागात आढळतात. चित्रदुर्ग जिल्ह्यातील ब्रह्मगिरी, सिद्दापूर व जटिंग-रामेश्वर येथे अशोकाचे लघु शिलालेख आहेत. रायचूर जिल्ह्यातील मस्की येथील लेख १९१५ मध्ये उजेडात आला आणि त्यात 'देवानांपिय' या उपाधीसोबत 'अशोक' हे नावही असल्यामुळे शिलालेखांतील राजाची ओळख निश्चित होण्यास मोठी मदत झाली. कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठी सन्नती व कनगनहळ्ळी ही स्थळे आहेत. कनगनहळ्ळीच्या स्तूपातील एका शिल्पपटावर ब्राह्मी लिपीत राजा अशोकाचे नाव कोरलेले आहे. सोलापूरकडील वाचकाला ही स्थळे म्हैसूरपेक्षा कितीतरी जवळ पडतात.

महाराष्ट्रातील प्रवाशाच्या बाबतीत तर हा मुद्दा अधिकच ठळक होतो. अजिंठा, कार्ले, कान्हेरी, नाशिकची पांडवलेणी असा दोन हजार वर्षांचा वारसा ज्याच्या घराजवळ आहे, त्याने प्राचीनतेच्या शोधात बैलकुप्पे येथे जाण्याचे कारण नाही.

श्रीलंकेच्या 'महावंस' या ग्रंथात, पाटलीपुत्र येथील तिसऱ्या धम्मसंगीतीनंतर महादेव नावाच्या स्थविराला 'महिषमंडळ' येथे धर्मप्रसारासाठी पाठविल्याचा उल्लेख आहे. काही विद्वान महिषमंडळ म्हणजे म्हैसूरचा परिसर असे मानतात. इतर विद्वान त्याचा संबंध नर्मदाकाठच्या माहिष्मतीशी जोडतात. हा मतभेद लक्षात घेता, या उल्लेखाच्या आधारे नामड्रोलिंगला प्राचीन परंपरेचा थेट वारस ठरविता येणार नाही. त्याचा वारसा वेगळ्या वाटेने आलेला आहे.

परंपरेचा प्रवास

आठव्या शतकात तिबेटचा राजा त्रिसोंग देत्सेन याने नालंदा परंपरेतील आचार्य शांतरक्षित यांना आमंत्रित केले. त्यांच्यानंतर पद्मसंभव तिबेटात गेले. या दोघांच्या काळात साम्ये येथे तिबेटमधील पहिला विहार उभा राहिला. अकराव्या शतकात विक्रमशीला महाविहाराचे आचार्य अतीश दीपंकर तिबेटात पोहोचले. संस्कृत ग्रंथांचे तिबेटी भाषेत मोठ्या प्रमाणावर अनुवाद झाले. नालंदा व विक्रमशीला ही विद्यापीठे पुढे नष्ट झाली, त्यांच्या ग्रंथांपैकी अनेक मूळ संस्कृत प्रती लुप्त झाल्या, मात्र तिबेटी अनुवाद टिकून राहिले.

तिबेटी बौद्ध धर्माचे न्यिंग्मा, काग्यू, साक्य व गेलुग असे चार प्रमुख संप्रदाय आहेत. त्यांपैकी न्यिंग्मा हा सर्वांत प्राचीन असून तो पद्मसंभवांना आपले आद्य गुरू मानतो. नामड्रोलिंग मठ न्यिंग्मा संप्रदायाच्या पाल्युल शाखेचा आहे. या शाखेचा मूळ मठ पूर्व तिबेटातील खाम प्रांतात १६६५ मध्ये स्थापन झाला. बैलकुप्पे येथेच सेरा हे दुसरे मोठे विद्यापीठ आहे. ते गेलुग संप्रदायाचे असून मूळ सेरा मठ ल्हासाजवळ १४१९ मध्ये स्थापन झाला होता. बैलकुप्पे येथे त्याची पुनःस्थापना १९७० मध्ये झाली.

याचा अर्थ असा की, येथील इमारती नव्या असल्या तरी संस्था जुन्या आहेत. भारतातून गेलेली विद्या हजार वर्षांहून अधिक काळानंतर परत येऊन दक्षिण भारतात स्थिरावली. वास्तूचे वय आणि संस्थेचे वय या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या उदाहरणातील पहिला धडा होय.

पुनर्वसनाचा इतिहास

मार्च १९५९ मध्ये ल्हासातील उठावानंतर दलाई लामा भारतात आले. त्यांच्यामागोमाग हजारो तिबेटी निर्वासित आले. प्रारंभी त्यांच्यापैकी अनेकांना हिमालयीन भागातील रस्ताबांधणीच्या कामावर लावण्यात आले. तथापि, हा कायमचा उपाय नव्हता. पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या शासनाने राज्यांकडे जमिनीची विचारणा केली. त्या वेळच्या म्हैसूर राज्याने प्रतिसाद दिला आणि १९६०-६१ मध्ये बैलकुप्पे येथे 'लुगसुंग सामडुपलिंग' ही पहिली तिबेटी कृषी वसाहत आकारास आली. तिच्यासाठी सुमारे ३,००० एकर जमीन उपलब्ध करून देण्यात आली. १९६९ मध्ये तेथेच 'डिक्यी लार्सो' ही दुसरी वसाहत सुरू झाली. पुढे कर्नाटकात मुंडगोड, हुणसूर व कोल्लेगाल येथेही वसाहती झाल्या. महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव परिसरात 'नोरग्येलिंग' ही वसाहत १९७२ मध्ये स्थापन झाली.

मिळालेली जमीन जंगलाची होती. थंड पठारावरून आलेल्या लोकांना झाडे तोडून शेत तयार करावे लागले. हत्तींचा उपद्रव, उष्ण हवामान आणि अपरिचित रोग यांना तोंड द्यावे लागले. जव पिकविणारे शेतकरी मका पिकवू लागले. नामड्रोलिंगचे संस्थापक पेनोर रिनपोछे यांच्यासोबत पूर्व तिबेटातून सुमारे ३०० जण निघाले होते व त्यांपैकी सुमारे ३० जणच भारतात पोहोचले, असे मठाच्या इतिहासात नोंदविलेले आहे. त्यांनी बांधलेले पहिले मंदिर बांबूचे व अगदी लहान होते. आज ज्या सभागृहात बुद्धाची सुमारे ६० फूट उंचीची सुवर्णलेपित मूर्ती आणि तिच्या दोन बाजूंना पद्मसंभव व अमितायुस यांच्या जवळपास तेवढ्याच उंच मूर्ती आहेत, त्याचा प्रारंभ त्या बांबूच्या मंदिरात आहे. १९७८ मध्ये मठात उच्च अध्ययनाची संस्था आणि १९९३ मध्ये भिक्षुणींसाठी स्वतंत्र मठ सुरू झाला. न्यिंग्मा संप्रदायाच्या जगातील मोठ्या अध्ययनकेंद्रांत आज नामड्रोलिंगची गणना होते. पेनोर रिनपोछे यांचे २००९ मध्ये निधन झाले.

या पुनर्वसनाची वैशिष्ट्ये अशी सांगता येतील. एक, निर्वासितांना विखरून न ठेवता समूहाने वसविण्यात आले, त्यामुळे भाषा व संस्कृती टिकली. दोन, केवळ मदतीवर न ठेवता जमीन आणि सहकारी संस्था यांच्या आधारे त्यांना उत्पादक बनविण्यात आले. तीन, शिक्षणाची स्वतंत्र व्यवस्था करण्यात आली. भारत सरकारने १९६१ मध्ये तिबेटी शाळांसाठी केंद्रीय प्रशासन स्थापन केले. चार, शेतीच्या उत्पन्नाला हंगामी व्यवसायाची जोड मिळाली. महाराष्ट्रातील अनेक शहरांत दर हिवाळ्यात लोकरी कपड्यांची दुकाने मांडणारे तिबेटी विक्रेते अशा वसाहतींमधूनच येत आले आहेत.

ग्रामीण विकासाशी नाते

बैलकुप्पे परिसराचा आणखी एक पैलू पर्यटकांच्या माहितीपुस्तिकांत सहसा येत नाही. तिबेटी निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी १९६८ मध्ये 'म्हैसूर पुनर्वसन व विकास संस्था' ही स्वयंसेवी संस्था स्थापन झाली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'मायराडा' म्हणून ओळखली जाते. पुनर्वसनाचे काम स्थिरावल्यावर या संस्थेने दक्षिण भारतातील ग्रामीण गरिबांकडे लक्ष वळविले. १९८० च्या दशकाच्या मध्यात मोठ्या सहकारी संस्थांमधील अडचणींतून लहान, परस्परविश्वासावर आधारलेले बचत व कर्जगट पुढे आले. १९८७ मध्ये नाबार्डने या प्रयोगासाठी मायराडाला १० लाख रुपयांचे अनुदान दिले. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० गटांना बँकांशी जोडण्याचा पथदर्शी प्रकल्प सुरू केला. आज देशभर पसरलेल्या बचतगट चळवळीच्या उगमस्थानांपैकी हे एक महत्त्वाचे स्थान आहे.

निर्वासितांसाठी जन्मलेल्या संस्थेच्या अनुभवाचा लाभ अशा प्रकारे पुढे देशातील ग्रामीण महिलांना झाला. पुनर्वसनावरील खर्चाकडे केवळ भार म्हणून पाहणे किती अपुरे आहे, हे यावरून स्पष्ट होते.

कायदेशीर स्थिती व आजचे प्रश्न

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर स्वाक्षरी केलेली नाही, तसेच निर्वासितांसाठी देशात स्वतंत्र कायदाही नाही. तरीही जीविताचा अधिकार देणारा राज्यघटनेचा अनुच्छेद २१ नागरिकांपुरता मर्यादित नसून प्रत्येक व्यक्तीला लागू आहे. चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका स्पष्ट केली. नागरिकत्व अधिनियम, १९५५ नुसार २६ जानेवारी १९५० रोजी वा त्यानंतर, परंतु १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने नागरिक ठरते. त्यास अनुसरून अशा तिबेटींची मतदार म्हणून नोंदणी करण्याचे निर्देश निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये दिले. त्याच वर्षी केंद्र शासनाने तिबेटी पुनर्वसन धोरण जाहीर केले. वसाहतींच्या जमिनींचे भाडेपट्टे आणि कल्याणकारी योजनांचा लाभ यांबाबत राज्यांना मार्गदर्शन करणे, हा त्याचा उद्देश होता.

वसाहतीपुढील आजचा प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा आहे. तिबेटी प्रशासनाच्या २००९ मधील पाहणीनुसार भारतातील तिबेटींची संख्या सुमारे ९४,००० होती. त्यानंतर युवकांचे युरोप-अमेरिकेकडील स्थलांतर, घटता जन्मदर आणि तिबेटमधून येणाऱ्यांची रोडावलेली संख्या यांमुळे अनेक वसाहतींत लोकसंख्या कमी होत आहे. शेती करणारे हात कमी होत असताना पर्यटक मात्र वाढत आहेत. पर्यटनामुळे हॉटेले, रिक्षा व हस्तकलेची दुकाने यांना उत्पन्न मिळते व त्याचा लाभ आसपासच्या कन्नड भाषिकांनाही होतो. दुसरीकडे, अध्ययनासाठी असलेल्या मठात गर्दी व गोंगाट वाढतो. येणारा प्रवासी तेथे कसा वागतो, यावर वसाहतीचे हित बऱ्याच अंशी अवलंबून आहे.

निर्णय कसा करावा

या सर्व विवेचनाच्या आधारे प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. मात्र ते सर्वांसाठी एकच नाही.

म्हैसूरसाठी एकच दिवस असेल, तर नामड्रोलिंगचा विचार करू नये. राजवाडा, चामुंडी टेकडी व श्रीरंगपट्टण हा त्या दिवसाचा योग्य कार्यक्रम होय.

दोन दिवस असतील, तर निवड प्रामुख्याने सोमनाथपूर व बैलकुप्पे यांच्यात राहते. मध्ययुगीन शिल्पकला हा अभ्यासाचा वा आवडीचा विषय असल्यास सोमनाथपूर निवडावे. ते अंतरानेही निम्म्याहून जवळ आहे. आधुनिक भारताचा इतिहास, परराष्ट्र संबंध किंवा समाजशास्त्र यांत रुची असल्यास बैलकुप्पे निवडावे. केवळ भव्य मूर्तीसमोर छायाचित्र काढून परतावयाचे असेल, तर चार तासांचा प्रवास करणे योग्य नव्हे.

तीन दिवस असतील किंवा पुढे कोडगूला जावयाचे असेल, तर बैलकुप्पे वगळू नये. ते म्हैसूर-मडिकेरी मार्गावर, कुशालनगरच्या अलीकडे आहे. अशा प्रवासात त्याचा संधी खर्च केवळ काही तासांचा राहतो.

जाणाऱ्याने किमान तीन तास राखून ठेवावेत आणि केवळ सुवर्णमंदिरापुरते थांबू नये. सेरा येथील परिसर पाहावा. तेथील भिक्षू प्रश्न विचारताना टाळी वाजवून वादविवाद करतात. ही भारतीय न्यायशास्त्राच्या परंपरेतून गेलेली अध्यापनपद्धती आहे. वसाहतीतील शेते, घरे, दवाखाने व शाळा यांच्यामधून जाणाऱ्या रस्त्याने थोडे चालावे. प्रार्थना सुरू असताना शांतता पाळावी, पादत्राणे व छायाचित्रण यांबाबतच्या सूचनांचे पालन करावे आणि भिक्षूंची छायाचित्रे त्यांच्या संमतीवाचून घेऊ नयेत. भारतीय नागरिकांना तेथे जाण्यासाठी परवान्याची गरज नाही. विदेशी पारपत्रधारकांना मात्र वसाहतीत मुक्काम करावयाचा असल्यास केंद्रीय गृहमंत्रालयाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. परदेशस्थ नातेवाइकांना सोबत नेणाऱ्या कुटुंबांनी हे आधीच लक्षात घ्यावे. तिबेटी नववर्ष 'लोसर' फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येते. त्या काळात मठातील विधी व मुखवटानृत्ये पाहावयास मिळतात, तशी गर्दीही अधिक असते.

समारोप

वास्तूचे मोल तिच्या वयावर ठरत असते, असा सर्वसाधारण समज आहे. नामड्रोलिंगच्या बाबतीत तो अपुरा पडतो. ही वास्तू जुनी नाही, परंतु एका जुन्या परंपरेने देशोधडीला लागल्यावर पुन्हा कसे उभे राहावे, यजमान देशाने तिला कसे सामावून घ्यावे आणि त्या अनुभवातून स्वतःही काय शिकावे, याचा पुरावा तेथे आहे. असा पुरावा अजिंठ्यात वा सोमनाथपूरला मिळणार नाही. ज्याला तो पाहावयाचा आहे, त्याने एक दिवस जरूर द्यावा. ज्याला तो पाहावयाचा नाही, त्याने तोच दिवस सोमनाथपूरला दिला, तर त्याचेही काही चुकले असे म्हणता येणार नाही.

विद्यार्थ्यांनी या उदाहरणाचा उपयोग निबंध, आधुनिक इतिहास व समाजविकास या घटकांसाठी करावा. जमीन, शिक्षण, सहकार आणि सांस्कृतिक स्वायत्तता या चार आधारांवर पुनर्वसन टिकते, हे सूत्र धरणग्रस्त, भूकंपग्रस्त वा दंगलग्रस्त यांच्या पुनर्वसनाला लावून पाहिल्यास उत्तरात नेमकेपणा येईल. आपल्या गावाजवळील पुनर्वसित वसाहत या चार निकषांवर तपासून पाहणे, हा त्याचा सर्वांत चांगला सराव ठरेल.